रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने महामंदी खरोखर संपवली का?

चिंतन

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी एक बेकार होता. आधीच्या तीन-सव्वातीन वर्षांत हजारो बँका बुडाल्या होत्या आणि शपथविधीच्या दिवशी बहुतेक राज्यांतील बँका एकतर बंद होत्या किंवा तेथे पैसे काढण्यावर मर्यादा होत्या. शेतमालाला इतका कमी भाव होता की, मध्य-पश्चिमेकडील काही शेतकऱ्यांना मका बाजारात नेण्यापेक्षा थंडीत शेगडीत जाळणे परवडत होते.

‘न्यू डील’ म्हणजे मंदीवर उपाय म्हणून रूझवेल्ट सरकारने केलेल्या सुधारणा. ‘न्यू डीलने अमेरिका मंदीतून बाहेर आली’ असे आपण शाळेत एका वाक्यात शिकलो. पुढे कोणीतरी ‘मंदी युद्धाने संपवली’ असेही तितक्याच ठामपणे सांगितले. गेले काही महिने या विषयावर वाचन केल्यावर मला दोन्ही वाक्ये अपुरी वाटू लागली आहेत. माझ्या मते सर्वांत मोठे काम पहिल्या नऊ-दहा दिवसांत झाले आणि ते पैशांपेक्षा विश्वासाचे होते. ६ मार्चपासून देशातील सर्व बँका बंद ठेवण्याचा आदेश निघाला. ९ मार्चला आणीबाणीचा बँक कायदा एकाच दिवसात मंजूर झाला. बँकांची तपासणी करून सुस्थितीतील बँकांनाच उघडण्याची परवानगी द्यायची, असे ठरले. १२ मार्चला, रविवारी रात्री, रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँक तुमचे पैसे तिजोरीत तसेच ठेवून देत नाही, ती ते कर्जाऊ देते, आणि म्हणून सगळे एकाच वेळी मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही, हे त्यांनी शिक्षकाने समजवावे तसे समजावून सांगितले. पैसे गादीखाली ठेवण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेत ठेवणे अधिक सुरक्षित आहे, अशी खात्री त्यांनी दिली. सोमवारी बँका उघडल्या तेव्हा रांगा होत्याच, परंतु त्या पैसे भरणाऱ्यांच्या होत्या. लोकांनी काढून नेलेल्या रोकडीपैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्कम मार्चअखेर बँकांत परत आली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. या सुधारणांपैकी नेमकी कोणती उपयोगी पडली आणि कोणती नाही? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो: तुम्ही त्या सोमवारी सकाळी तिथे असता, तर कोणत्या रांगेत उभे राहिला असता?

आकडेमोड

उत्तम विषय. पहिल्या प्रश्नाला आधी आकड्यांनी उत्तर द्यावे लागेल. १९३३ मध्ये बेकारी सुमारे २५ टक्के होती, १९३७ मध्ये ती सुमारे १४ टक्क्यांवर आली आणि १९३८ मध्ये पुन्हा १९ टक्क्यांपर्यंत चढली. ती ५ टक्क्यांच्या आत आली ती १९४२ मध्ये, म्हणजे युद्धात उतरल्यानंतर. ‘युद्धाने मंदी संपवली’ म्हणणारे हेच आकडे दाखवतात.

मात्र या आकड्यांत एक मेख आहे. सरकारी कामांवर असलेल्या लाखो लोकांची गणना त्यांत बेकार म्हणूनच केलेली आहे. रस्ता बांधून आठवड्याची मजुरी घरी नेणारा माणूस बेकार मानायचा का? त्याला कामावर धरले, तर १९३७ चा आकडा ९ ते १० टक्क्यांच्या आसपास येतो. उत्पादनाचे म्हणाल, तर १९३३ ते १९३७ या काळात ते वर्षाला सरासरी ८ ते ९ टक्क्यांनी वाढले. शांततेच्या काळात इतकी वाढ क्वचितच होते. म्हणून माझे मत असे की, मंदी संपली नव्हती, पण ती ओसरू लागली होती आणि हे ओसरणे युद्धाच्या कितीतरी आधीचे आहे.

बखरकार

चिंतन, आपल्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. ९ मार्चच्या कायद्याचा मसुदा मोठ्या प्रमाणावर आधीचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या अर्थखात्यातील अधिकाऱ्यांनी तयार केला होता. सत्ता बदलली तरी ती माणसे त्या आठवड्यात नव्या सरकारबरोबर रात्रंदिवस बसून राहिली. तयारी होती, पण ती अमलात आणण्याचे राजकीय बळ हूवर यांच्याकडे उरले नव्हते.

आणखी एक गोष्ट. जून १९३३ च्या बँकिंग कायद्याने आलेला ठेवींचा विमा हा न्यू डीलचा मुकुटमणी मानला जातो, परंतु रूझवेल्ट स्वतः सुरुवातीला त्याच्या विरोधात होते. चांगल्या बँकांनी वाईट बँकांचा भार का उचलावा, असा त्यांचा आक्षेप होता. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) आग्रहामुळे तो कायद्यात राहिला आणि १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळाले. त्यानंतर बँका बुडण्याचे प्रमाण एकदम खाली आले. नेत्याचे श्रेय मोजताना, त्याने विरोध असूनही काय स्वीकारले हेही मोजले पाहिजे, असे मला वाटते.

सदाफुली

बखरकार, ठेव विम्याबद्दल लिहिल्याबद्दल आभार. भारतात १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १९६२ पासून आपल्याकडे ठेव विमा सुरू झाला आणि तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. आज ती ५ लाख आहे.

हे मला पाठ आहे, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील सहकारी बँकेवर निर्बंध आले. नाव लिहीत नाही. सकाळी साडेआठला मी पोहोचले तेव्हा शटर अर्धे वर होते, दारावर एक टंकलेला कागद चिकटवला होता आणि एक निवृत्त शिक्षक तो चष्मा कपाळावर सरकवून तिसऱ्यांदा वाचत होते. खातेदाराला ठरावीक रक्कमच मिळणार होती. माझ्या पुढच्या बाईंच्या हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका होती, ती दाखवली तर साहेब जास्त पैसे देतील अशी त्यांना आशा होती. चिंतन यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देऊ शकत नाही. विचार करून लिहीन.

शेतीवाडी

मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक आहे, म्हणून बँकांपेक्षा मला शेतीचा कायदा जवळचा वाटतो. मे १९३३ च्या शेती समायोजन कायद्याचा विचार साधा होता: माल जास्त आहे म्हणून भाव नाही, तेव्हा शेतकऱ्याला पैसे देऊन पेरा कमी करायचा. अडचण अशी होती की कायदा होईपर्यंत कपाशी उगवून वर आली होती. म्हणून त्या उन्हाळ्यात दक्षिणेकडील शेतकऱ्यांनी सुमारे १ कोटी एकरांवरील उभी कपाशी मोबदला घेऊन नांगरून टाकली.

त्या काळच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तासातून चालायचे, रोपावर पाय द्यायचा नाही, असे शिकवलेली खेचरे त्या दिवशी ओळीवर पाय टाकायला तयार होईनात. ज्याने बैलाला डवऱ्याला जुंपून कपाशीच्या तासातून फिरवले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. उभ्या पिकात नांगर घालणे हे आमच्याकडे अपशकुनाचे लक्षण. तरीही पौंडाला ६ सेंटांपर्यंत घसरलेला कापूस वर्षभरात १० सेंटांच्या घरात गेला. आमच्या आजोबांच्या पिढीने त्याच वर्षांत कापूस मातीमोल भावाने घातला. मध्य प्रांतात १९३३ चा कर्ज समेट कायदा आला, तो कर्जाची तडजोड करण्यासाठी होता. पडलेल्या भावावर त्याच्याकडे इलाज नव्हता.

मृद्गंध

शेतीवाडी, आपल्या भावनांचा आदर ठेवून मी स्पष्ट असहमती नोंदवतो. त्याच वर्षी सुमारे ६० लाख डुकरे, त्यांत बहुसंख्य पिल्ले, भाव वाढावा म्हणून मारण्यात आली. शहरांत लोक सूपसाठी रांगा लावत असताना हे घडले. लोकांचा क्षोभ झाला, तेव्हा कुठे शिल्लक धान्य आणि मांस गरिबांना वाटण्यासाठी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वेगळे महामंडळ उभे राहिले.

आणि कपाशी नांगरण्याचा मोबदला कोणाला मिळाला? जमीनमालकाला. प्रत्यक्ष कसणारा बटईदार, ज्यात कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे दोघेही होते, त्याला त्यातला वाटा देण्याचे मालकाच्या मर्जीवर राहिले. पेरा कमी झाल्यावर माणसेही कमी लागू लागली आणि हजारो कुटुंबांना झोपड्या सोडाव्या लागल्या. १९३४ मध्ये अर्कान्सासमधील टायरोन्झा या गावी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बटईदारांनी मिळून संघटना काढली, ती याच अन्यायातून. भाव वाढला हे खरे आहे, परंतु तो वाढला तेव्हा शेतात कोण उरले होते, हे विचारल्याशिवाय मी त्याला यश म्हणणार नाही.

शेतीवाडी

मृद्गंध, बटईदारांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्याकडेही नुकसानभरपाई सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जाते आणि बटईने करणारा पाहत राहतो. पण पेरा कमी करण्याऐवजी दुसरे काय करता आले असते, हेही सांगावे. भाव पडू देणे हा पर्याय नव्हता. जप्तीच्या लिलावाला शेजारी जमून, दोर दाखवून, एक-एक सेंटाची बोली लावायला भाग पाडत होते, इतकी वेळ आलेली होती.

व्यापारउदीम

शेतीवर एवढी चर्चा झाली, म्हणून उद्योगांविषयी थोडक्यात लिहितो. जून १९३३ च्या औद्योगिक पुनरुत्थान कायद्याने प्रत्येक धंद्याला किमती, मजुरी आणि कामाचे तास यांची संहिता लावली. संहिता पाळणारे दुकानदार खिडकीत निळ्या गरुडाचे चित्र लावत. मजुरी वाढवणे आणि बालमजुरीला आळा घालणे हे हेतू चांगलेच होते, परंतु संहिता लिहिण्यात बड्या कंपन्यांचा वरचष्मा राहिला आणि किमती चढ्या ठेवण्याची मुभा त्यांना मिळाली. लोकांच्या हाती पैसा नसताना किमती चढवल्याने माल अधिक कसा खपेल? ब्रुकलिनमधील कोंबड्यांचे घाऊक व्यापारी असलेल्या शेक्टर बंधूंच्या खटल्यात २७ मे १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला. माझ्या मते न्यू डीलमधील हा सर्वांत फसलेला भाग होता.

पैलतीर

मी गेली अठरा वर्षे टेनेसीत राहते, नॉक्सव्हिलपासून जवळ. आमच्यासाठी न्यू डील रोजच्या वापरातले आहे. विजेचे बिल भरतो ते टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या, म्हणजे नदीवर धरणे बांधून वीज देणाऱ्या न्यू डीलमधील सरकारी संस्थेच्या, विजेचे. रविवारी ज्या उद्यानात जातो, तेथील दगडी निवारे आणि पायवाटा नागरी संवर्धन दलातील मुलांनी बांधल्या आहेत. अठरा ते पंचवीस वर्षांची, घरी कमावते कोणी नसलेली ही मुले होती. महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतील २५ थेट घरी पाठवले जात. १९३३ ते १९४२ या काळात सुमारे ३० लाख तरुण या दलातून गेले. एका निवाऱ्याच्या चुलखंडाजवळ बसले की दिसते, प्रत्येक दगड हाताने तासून असा बसवला आहे की सांध्यात पोस्टकार्डही शिरू नये. वेळ काढण्यासाठी दिलेले काम असे होत नाही.

विजेचे महत्त्व मला शेजारच्या नव्वदी ओलांडलेल्या आजींनी सांगितले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, कारण खासगी कंपन्यांना दूरच्या वस्तीला तार ओढणे परवडत नव्हते. सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक शेतघरांत दिवा लागला. आजींच्या आईने दिवा लागल्यावर पहिल्यांदा काय केले असेल? तिने कंदिलाच्या काजळीने काळी झालेली भिंत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवायला घेतली.

पाणलोट

पैलतीर, धरणांविषयी लिहिलेत, तर विस्थापितांविषयीही लिहावे, ही विनंती. आमचे घराणे कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावातले आहे, म्हणून विचारतो.

पैलतीर

अगदी योग्य प्रश्न. प्राधिकरणाच्या पहिल्या मोठ्या, नॉरिस धरणासाठी सुमारे ३,००० कुटुंबे हलवावी लागली. हजारो कबरी उकरून नव्या जागी नेल्या. ज्यांची स्वतःची जमीन होती त्यांना मोबदला मिळाला. खंडाने कसणाऱ्यांच्या हाती फारसे काही पडले नाही. नॉरिस नावाचे नवे आदर्श गाव वसवले गेले, पण त्यात कृष्णवर्णीय कुटुंबांना घर मिळत नव्हते. हे सगळे इथल्या संग्रहालयांत आता उघडपणे सांगितले जाते.

बखरकार

याच खोऱ्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आल्यानंतर तिच्यासाठी टेनेसीच्या धर्तीवर प्राधिकरण असावे, असा विचार पुढे आला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या योजनेला दिशा दिली. टेनेसीतील अनुभव असलेला अभियंता प्राथमिक आराखड्यासाठी आणला गेला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. नदीचा पूर, सिंचन, वीज आणि खोऱ्यातील माणसाचे जीवनमान यांचा एकत्र विचार करायचा, ही टेनेसीची मूळ कल्पना बाबासाहेबांनी नेमकी हेरली होती. ग्रामीण वीज सहकाराचेही तसेच. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा संस्था अमेरिकेतील त्याच नमुन्यावरून उभी राहिली.

निशिगंध

आतापर्यंत एका व्यक्तीचे नाव आले नाही याचे मला वाईट वाटते. ती म्हणजे मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिली स्त्री. २५ मार्च १९११ रोजी न्यू यॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. कुलूपबंद दारामुळे त्यांना खिडक्यांतून उड्या टाकाव्या लागल्या. पर्किन्स तेव्हा रस्त्यावर उभ्या राहून ते पाहत होत्या. बावीस वर्षांनी रूझवेल्ट यांनी मंत्रिपद देऊ केले, तेव्हा त्यांनी आधी आपली यादी पुढे ठेवली: बेकारी विमा, वृद्धांना निवृत्तिवेतन, किमान वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, बालमजुरीवर बंदी, आरोग्य विमा. हे मान्य असेल तरच येते, असे त्यांचे म्हणणे होते. १४ ऑगस्ट १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा यांतून त्या यादीतील बहुतेक गोष्टी प्रत्यक्षात आल्या. आरोग्य विमा मात्र राहून गेला.

तथापि मृद्गंध यांचा मुद्दा इथेही लागू होतो. सामाजिक सुरक्षेतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले होते, आणि त्यामुळे जवळपास दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय कामगार बाहेर राहिले. मी घरकामगार स्त्रियांच्या नोंदणीचे काम करते. ‘तुमचा मालक कोण?’ या रकान्यात चार घरांची नावे कशी लिहायची, म्हणून अर्ज परत येतो, तेव्हा मला १९३५ चा तो कायदा आठवतो. कायद्यात आज न लिहिलेला माणूस पुढची कित्येक वर्षे बाहेरच राहतो. अमेरिकेत घरकामगारांचा समावेश व्हायला १९५० उजाडावे लागले.

सोनचाफा

सोन्याबद्दल कोणीच लिहिले नाही. एप्रिल १९३३ च्या आदेशाने अमेरिकी नागरिकांना १०० डॉलरपेक्षा अधिक सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्ण प्रमाणपत्रे सरकारजमा करावी लागली, दागिने मात्र वगळले होते. जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केला गेला, म्हणजेच डॉलरचे मूल्य कमी केले. त्यामुळे जगभरातून सोने अमेरिकेकडे वाहू लागले आणि बाजारात पैसा वाढला.

आपल्याकडे त्याच काळात उलटे झाले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण (चलनाचे मूल्य सोन्याशी बांधण्याची पद्धत) सोडले, रुपया १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने पौंडाला बांधलेलाच राहिला, शेतमालाचे भाव निम्म्यावर आले आणि सोन्याचा भाव चढला. सारा आणि सावकार भागवण्यासाठी घराघरांतले डाग मोडले गेले आणि ते सोने मुंबई बंदरातून बोटींनी बाहेर गेले. माझ्या पणजीची बोरमाळ त्यात गेली. तिच्या लग्नाच्या छायाचित्रात ती दिसते, त्यानंतरच्या एकाही छायाचित्रात दिसत नाही. आपल्या चलनाचा दर ठरवण्याचा अधिकार रूझवेल्ट यांच्या हाती होता आणि आपल्याकडे तो लंडनमध्ये होता, हा फरक या चर्चेत नोंदला जावा.

आकडेमोड

सोनचाफा यांचा मुद्दा माझ्या मते या धाग्यातील कळीचा आहे. १९३३ नंतरच्या वाढीचे श्रेय अर्थशास्त्रज्ञांचा एक मोठा गट सरकारी खर्चापेक्षा सोन्याच्या या निर्णयाला देतो, कारण सरकारी अंदाजपत्रकातील तूट दिसायला मोठी असली तरी मंदीच्या खड्ड्याच्या मानाने ती लहान होती.

याचा पडताळा १९३७ मध्ये मिळाला. आता सुधारणा झाली असे समजून रूझवेल्ट यांनी अंदाजपत्रक समतोल करण्यासाठी खर्च कापला, सामाजिक सुरक्षेची वर्गणी त्याच वर्षी पगारातून कापली जाऊ लागली, मध्यवर्ती बँकेने बँकांच्या राखीव निधीचे (कर्जाऊ न देता बाजूला ठेवायच्या पैशाचे) प्रमाण टप्प्याटप्प्याने दुप्पट केले आणि अर्थखात्याने येणारे सोने चलनात उतरू दिले नाही. चारही गोष्टी एकाच दिशेने गेल्या आणि वर्षभरात बेकारी पुन्हा १९ टक्के झाली. एप्रिल १९३८ मध्ये त्यांनी धोरण फिरवले आणि वाढ पुन्हा सुरू झाली. म्हणजे औषध लागू पडत होते, मात्रा अपुरी होती आणि ती मध्येच बंद केली गेली.

मृद्गंध

मात्रेचे म्हणणे मला पटते. माझा आग्रह एवढाच, की मात्रा कोणाच्या पोटात गेली हेही त्याच तक्त्यात लिहावे.

चिंतन

सर्वांचे मनापासून आभार. माझे मत या चर्चेने बदलले आहे, ते लिहितो. पहिल्या दहा दिवसांतील विश्वासाला मी सर्वाधिक महत्त्व दिले होते, पण ठेव विमा, सोन्याचा दर आणि पर्किन्स यांची यादी हे तिन्ही मागे उभे राहिले नसते, तर ते रेडिओवरील भाषण काही महिन्यांतच विसरले गेले असते. औद्योगिक संहिता मी अपयशाच्या खात्यात टाकतो. शेतीच्या कायद्याविषयी मात्र माझे मत अजून ठरत नाही; शेतीवाडी आणि मृद्गंध दोघेही मला बरोबर वाटतात. दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

सदाफुली

मी देते. आमच्या बँकेवरील निर्बंध पुढे उठले आणि विलीनीकरण झाले. नव्या नावाच्या पाटीखाली पहिल्या दिवशी मी उभी राहिले ती काढणाऱ्यांच्या रांगेत. सगळी रक्कम काढली आणि पिशवी छातीशी धरून रिक्षाने घरी आले. ते पैसे अकरा दिवस धान्याच्या कोठीत होते. बाराव्या दिवशी ते निवृत्त शिक्षक बाजारात भेटले. त्यांनी सांगितले की, त्यांनी स्वतः शाखेत जाऊन विम्याची मर्यादा, नव्या बँकेचा ताळेबंद आणि तपासणीचा शेरा विचारला होता आणि शाखाधिकाऱ्याने त्यांना अर्धा तास बसवून सगळे समजावून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच लाखांच्या आतली रक्कम भरली. स्लिपवर आकडा लिहिताना हात थरथरत होता, म्हणून कॅशियरने ती मला पुन्हा लिहायला लावली.